दुसऱ्यांच्या प्रार्थनेचे श्रोते

पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपातल्या चर्चमध्ये कॉयरसाठी जे संगीत लिहिले गेले, ते श्रोत्यांसाठी नव्हते. ते देवासाठी होते, पगार देणाऱ्या राजाच्या किंवा कार्डिनलच्या इभ्रतीसाठी होते आणि बऱ्याच अंशी गाणाऱ्यांसाठीच होते. गाणारे एका भल्याथोरल्या पोथीभोवती दाटीने उभे राहत. पोथीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर प्रत्येक आवाजाचा भाग स्वतंत्र लिहिलेला असे. पुढे छपाई आल्यावर तर प्रत्येक आवाजाची वहीच वेगळी झाली. त्यामुळे चार आवाज एकमेकांशी कुठे आणि कसे भिडतात, हे गायकाला कागदावर दिसत नसे. ते गाता गाता कानानेच कळायचे. सिस्टिन चॅपेलच्या भिंतीत गायकांसाठी एक सज्जा आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या गायकांनी आपापली नावे कोरून ठेवली आहेत, आणि त्या गर्दीत ‘जोस्कँ’ हेही नाव सापडले आहे. त्या काळातला सर्वांत थोर मानला जाणारा संगीतकार जोस्कँ दे प्रे हाच तो असावा. प्रवचन लांबले की थोरामोठ्यांचाही हात भिंतीकडे जात असणार.

आपण या सगळ्यात फार उशिरा आलो. वाड्यात शेजारच्या बिऱ्हाडातली पूजा ओसरीवर बसून ऐकावी, तसे आपले ऐकणे आहे. मंत्र आपल्यासाठी नाहीत, पण कुणी हाकलतही नाही. ही ओसरी आपल्याला दोन सोयींनी मिळाली, मैफलीने आणि ध्वनिमुद्रणाने. या पुस्तकात संगीतकारांची चरित्रे आहेत, ध्वनिमुद्रणांची ओळख आहे, प्रार्थनांचे मराठी अर्थ आहेत. पण त्यामागचे म्हणणे एकच आहे. ध्वनिमुद्रण आपल्याला अशा जागी नेऊन बसवते, जी त्या काळी कुणालाच मिळाली नव्हती. मैफल खरी जागा देते, पण प्रसंग काढून घेते. दोन्हींतली ही खोट ओळखून ऐकणाऱ्यालाच हे संगीत नीट सापडते.

मराठी रसिकाची पहिली अडचण मात्र याहून साधी असते. नेमके ऐकायचे काय? आपला कान एका गळ्यामागे जायला शिकलेला. तंबोऱ्यावर षड्ज स्थिर असतो, तबल्याचे आवर्तन फिरत असते आणि समेवर आपण मान डोलावतो. इथे तंबोरा नाही, ठेका नाही, मुख्य गायकही नाही. चार, पाच, सहा आवाज एकापाठोपाठ शिरतात, तोच सुरावटीचा तुकडा थोड्या थोड्या अंतराने उचलतात आणि मग जो तो आपल्या वाटेने जातो. लय आहे, पण सम नाही. नवखा माणूस साहजिकच सर्वांत वरचा आवाज धरतो, कारण तो उठून दिसतो, आणि बाकीचे आवाज त्याची साथ करत आहेत असे समजून ऐकतो. दहा मिनिटांत त्याला कंटाळा येतो. संगीत छान आहे पण सगळे सारखेच वाटते, असे तो म्हणतो, आणि त्याच्या ऐकण्यापुरते ते खरेही असते.

यावर मला माहीत असलेला सर्वांत चांगला उतारा जोस्कँनेच लिहून ठेवला आहे. इटलीतल्या फेरारा संस्थानाचा ड्यूक एर्कोले पहिला याच्यासाठी त्याने एक मिस्सा रचला. (मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी आणि त्यासाठी रचलेले संगीतही. आपल्याकडचे वसईचे कॅथलिक ‘मिस्सा’च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवला आहे.) ड्यूकचे नाव लॅटिनमध्ये ‘हेर्क्युलेस दुक्स फेर्रारिए’. यातले स्वर जोस्कँने क्रमाने वेगळे काढले आणि त्या काळच्या सरगमीतल्या ज्या अक्षरांत ते स्वर येतात ती अक्षरे घेतली. आपल्या भाषेत मांडायचे तर सुरावट निघाली ती अशी: रे सा रे सा रे म ग रे. आठ सूर. हे आठ सूर मुख्यतः टेनर हा मधला आवाज लांबवून गातो, पुन्हा पुन्हा, कधी वरच्या पट्टीत तर कधी उलट्या क्रमाने, आणि बाकीचे तीन आवाज त्याच्या अवतीभवती धावत असतात. धन्याची खुशामत याहून हुशारीने क्वचितच झाली असेल. पण आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की हे आठ सूर कुणीही मराठी माणूस पेटीवर वाजवून पाठ करू शकतो. ते पाठ करा, मग मिस्सा लावा आणि मधला आवाज शोधत राहा. तो सापडला की बाकीचे आवाज त्याच्याभोवती आपोआप आपापल्या जागी बसतात. एकदा असे आतून ऐकायची सवय लागली, की वरच्या आवाजाच्या मागे धावणे सुटते.

दुसरी गुरुकिल्ली सुरांच्या घर्षणात आहे. एक आवाज आपला सूर धरून ठेवतो. तेवढ्यात खालचा आवाज सरकतो, दोघांत क्षणभर खटका उडतो, आणि मग धरून ठेवणारा एक पायरी खाली उतरून मोकळा होतो. या संगीताची सगळी हुरहूर या उतरण्यात साठलेली आहे. आणि शेवटी जेव्हा आवाज एकत्र येऊन थांबतात, तेव्हा त्यातला गंधार ऐका. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच जागी चांगला कॉयर आपला गंधार लावतो. पेटीतला किंवा पियानोतला गंधार त्याहून किंचित चढा असतो. साथीला कोणतेच वाद्य नसले की गायकांना पेटीच्या त्या गंधाराशी तडजोड करावी लागत नाही. तंबोऱ्याशेजारी बसून वाढलेल्या कानाला हा फरक सहज कळतो. याबाबतीत आपण पाश्चात्त्य श्रोत्याहून काकणभर पुढेच आहोत.

आता ध्वनिमुद्रणाकडे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत. त्यात एक मोटेट, म्हणजे लॅटिन प्रार्थनेवरची सुटी छोटी रचना, कशीबशी बसे, अर्ध्या तासाचा मिस्सा म्हणजे तुकडेच. १९४८ साली एलपी आली आणि सलग ऐकणे शक्य झाले. तरी बराच काळ हे संगीत कॅथीड्रलच्या किंवा कॉलेजच्या कॉयरपुरतेच राहिले. १९७३ मध्ये ऑक्सफर्डला पीटर फिलिप्स याने ‘टॅलिस स्कॉलर्स’ ही मंडळी जमवली, तीही ओळखीपाळखीच्या विद्यार्थ्यांतून. बहुधा प्रत्येक भागाला दोन गायक, वरच्या भागांना मुलांऐवजी स्त्रिया, आवाजात कंप जवळजवळ नाही, आणि सुराला कमालीचे पक्के. पुढे त्यांनी ‘जिमेल’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनीच काढली. १९८७ मध्ये जोस्कँच्या दोन मिस्सांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला ‘ग्रामोफोन’ मासिकाचा वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. प्राचीन संगीताच्या ध्वनिमुद्रणाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. जोस्कँचे अठरा मिस्सा नऊ तबकड्यांवर आणण्याचे त्यांचे काम २०२० मध्ये पुरे झाले. शेवटच्या तबकडीवर वर सांगितलेला ड्यूक एर्कोलेचा मिस्सा आहे.

या मंडळींचे ऋण मोठे आहे. माझी तक्रारही त्यांच्या यशातूनच निघते. त्यांचा स्वच्छ, उजळ, सगळीकडे सारखा प्रकाश पडलेला नाद इतका मान्य झाला, की या संगीताचा नाद असाच असायचा असे आपण धरून चाललो. त्या काळी चर्चमध्ये वरचे भाग मुले किंवा खोट्या आवाजात गाणारे पुरुष गात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये मुलांचा आणि पुरुषांचा कॉयर अजून आहे. त्यांनी गायलेले स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाचे ‘ऑफिसियुम देफुंक्तोरुम’ ऐकावे. सम्राज्ञी मारियाच्या १६०३ मधल्या मृत्यूनंतर लिहिलेली आणि १६०५ मध्ये माद्रिदला छापलेली ही मृतांसाठीची प्रार्थना आहे. मुलांच्या आवाजाला एक कोरडी धार असते. स्त्रियांच्या तयार आवाजात ती गुळगुळीत होऊन जाते. बेल्जियमच्या पॉल व्हॅन नेव्हेलचा ‘उएल्गास एन्सांबल’ ऐकला तर तिसरेच जग दिसते, अधिक गडद आणि अधिक लवचीक. तीच रचना दोन ध्वनिमुद्रणांत दोन वेगळ्या पट्ट्यांत आढळली तर चकित होऊ नये. त्या काळी लिहिलेला सूर म्हणजे अमुक इतकी कंपने असे बंधन नव्हते. गायक काळी एकमध्ये गातो की पांढरी चारमध्ये, हे आपल्याकडे जसे गळ्यावर ठरते, तसेच तिथेही होते.

ध्वनिमुद्रणाने आणखी एक गंमत केली. मिस्सामध्ये संगीतात बांधायच्या प्रार्थना पाच: किरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आन्युस देई. तबकडीवर या पाच एकामागोमाग एक येतात, एखाद्या सिंफनीच्या भागांसारख्या. चर्चमध्ये तसे कधीच होत नसे. किरिए आणि ग्लोरिया पाठोपाठ येत, पण पुढे वाचन, प्रवचन, एकसुरी प्राचीन पठण, धूप, घंटा, लोकांचे उठणे-बसणे हे सगळे मध्ये असे. ग्लोरियातले सूर आन्युस देईमध्ये पुन्हा ओळखीचे होऊन भेटत, तेव्हा मध्ये तासाभराचे अंतर पडलेले असे. सलग ऐकताना अर्ध्या वाटेत कान थकतो, तो रचनाकाराचा दोष नव्हे. पॉल मक्रीश आणि त्याच्या ‘गॅब्रिएली कॉन्सॉर्ट’ने १९९० मध्ये व्हेनिसच्या १५९५ सालच्या एका राज्यारोहणाचा सगळा विधी घंटा-तुताऱ्यांसह उभा करून दाखवला होता, तो मुद्दाम ऐकण्याजोगा आहे. घरी ऐकताना माझा मार्ग त्याहून स्वस्त आहे. एका बैठकीला एकच भाग लावावा आणि मग उठून काहीतरी काम करावे.

इंग्लंडमध्ये असलेल्या मराठी मंडळींना तर याहून सोपा मार्ग आहे. तिथल्या कॅथीड्रलमध्ये आणि केंब्रिज-ऑक्सफर्डच्या काही कॉलेजांत संध्याकाळची प्रार्थना गायली जाते. तिला तिकीट नसते, आणि टॅलिस किंवा बर्ड हा सोळाव्या शतकातला इंग्रज संगीतकार तिथे आपल्या मूळ कामावर हजर असतो. जाणाऱ्याने ख्रिस्ती असण्याची अट नाही. बसा म्हटले की बसावे, उठा म्हटले की उठावे. तिकीट काढून ऐकलेल्या मैफलीपेक्षा अशा पाऊण तासात या संगीताचा स्वभाव लवकर कळतो.

विल्यम बर्डचे नाव निघालेच आहे, तर त्याच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण ‘चर्चचा घुमारा’ नावाच्या गोष्टीबद्दल आपले जे प्रेम आहे, त्याला त्याच्यामुळे तडा जातो. चर्चमध्ये गायलेला सूर संपल्यावरही काही सेकंद घुमत राहतो, आधीचा सूर पुढच्यात मिसळतो. ध्वनिमुद्रण करणारे असा घुमारा शोधत उंच छतांच्या जागा धुंडाळतात, आणि आपणही त्यालाच पावित्र्य समजतो. बर्ड हा एलिझाबेथ राणीच्या चॅपेलमधला मानकरी. १५७५ मध्ये राणीने त्याला आणि टॅलिसला मिळून संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला होता. पण हा मानकरी पक्का कॅथलिक होता, आणि त्या इंग्लंडमध्ये मिस्सा करणे हा गुन्हा होता. १५८५ च्या कायद्यानंतर तर कॅथलिक पाद्रीला आसरा देणाऱ्याला फाशी होऊ शके. बर्डने १५९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तीन, चार आणि पाच आवाजांचे तीन मिस्सा छापले. पुस्तकांना शीर्षकपान नाही, मुद्रकाचे नाव नाही, साल नाही. रचनाकाराचे नाव मात्र पानांच्या डोक्यावर आहे, कारण लपून राहील असा तो माणूसच नव्हता. पुढे १६०५ मध्ये एका फ्रेंच माणसाला लंडनमध्ये अटक झाली, ती त्याच्याजवळ बर्डची पुस्तके सापडली म्हणून.

हे मिस्सा गायले जात ते एसेक्समधल्या पीटर घराण्यासारख्या कॅथलिक जमीनदारांच्या घरात. लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंतींच्या खोलीत मोजकी माणसे, दारावर कुणीतरी पहारा ठेवून, एकेका भागाला बहुधा एकेकच गळा. घरातल्या स्त्रियाही गात असतील. तिथे घुमारा कुठला? शब्द जवळून, कोरडा, स्पष्ट ऐकू येत असणार. चार आवाजांच्या मिस्साच्या शेवटी शांतीची याचना येते आणि तिथे सुरांचे खटके एकावर एक चढत जातात. कॅथीड्रलमध्ये ते धुक्यासारखे पसरतात आणि फार सुंदर वाटतात. खोलीत मात्र ते बोचतात. भीतीखाली जगणारी माणसे शांती मागत आहेत हे तेव्हा कुठे ध्यानात येते. म्हणून बर्डसाठी मी मोठे कॉयर बाजूला ठेवतो आणि ‘हिल्यर्ड एन्सांबल’सारख्या मोजक्या गळ्यांचे ध्वनिमुद्रण पुढे करतो. घरातल्या बैठकीच्या खोलीत साध्या स्पीकरवर, जवळ बसून ते ऐकावे. इथे मैफलीपेक्षा ध्वनिमुद्रणच मूळ प्रसंगाच्या अधिक जवळ जाते.

टॅलिसच्या ‘स्पेम इन आलियुम’बाबत नेमके उलटे आहे. ही मोटेट १५७० च्या सुमाराची, चाळीस आवाजांची: पाच-पाच आवाजांचे आठ कॉयर, आणि चाळीसही भाग वेगवेगळे. इटालियन संगीतकार आलेस्सांद्रो स्त्रिज्जो १५६७ मध्ये लंडनला आला होता. त्याच्याकडे चाळीस आवाजांच्या रचना होत्या, आणि इंग्रजालाही हे जमते हे दाखवण्यासाठी टॅलिसने ही मोटेट लिहिली, अशी कथा पुढच्या शतकातल्या एका पत्रात आहे. एक आवाज सुरू करतो, मग दुसरा, आणि नाद पहिल्या कॉयरकडून आठव्या कॉयरकडे सरकत जातो, पुन्हा उलटा फिरतो. मग समोरासमोरचे कॉयर एकमेकांना साद घालतात. अचानक सगळे थांबतात, क्षणभर काहीच नाही, आणि मग चाळीसही आवाज एकदम उठतात. गायक गोलाकार उभे राहिले आणि श्रोते मधोमध बसले, तर नाद अंगावरून फिरून जातो. कानापेक्षा पाठीला तो आधी कळतो. दोन स्पीकरमधून हे सगळे डावी-उजवीत दाबून भरले जाते. उत्तम ध्वनिमुद्रणातही एक भव्य लाट तेवढी हाती लागते, चाळीस माणसे मात्र हरवतात. (एका बेफाम खपाच्या शृंगारिक कादंबरीत हिचा उल्लेख आला आणि २०१२ मध्ये टॅलिस स्कॉलर्सचे जुने ध्वनिमुद्रण ब्रिटनच्या अभिजात सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. टॅलिसला मानधन मिळाले नाही.)

ध्वनिमुद्रण आणि मैफल यांच्यामधली एक तिसरी वाट जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलावतीने २००१ मध्ये काढली. सॉल्झबरी कॅथीड्रलच्या गायकांकडून तिने हीच मोटेट गाऊन घेतली, प्रत्येक आवाज वेगळा मुद्रित केला आणि माणसाच्या उंचीवर लंबवर्तुळात चाळीस स्पीकर उभे केले. प्रत्येक स्पीकर म्हणजे एक गळा. मध्ये उभे राहिले की अख्खी मोटेट ऐकू येते, आणि एखाद्या स्पीकरला कान लावला की एकच गायक, त्याच्या श्वासासकट. गाणे सुरू होण्याआधी काही मिनिटे त्यांचे खोकणे, कुजबुजणे आणि गळे साफ करणेही ऐकू येते. चर्चच्या सज्ज्यातल्या गायकाला जे ऐकू येत असे ते बाहेरच्या माणसाला कधीच मिळत नव्हते. इथे ते मिळते.

सर्वांत गाजलेले उदाहरण मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो. आलेग्री या इटालियन संगीतकाराचे ‘मिसेरेरे’ काळाने सतराव्या शतकातले, म्हणजे काटेकोरपणे आपल्या विषयाबाहेरचे. त्यातला तो आकाशाला भिडणारा उंच सूर आलेग्रीने लिहिलेलाच नाही. नंतरच्या काळातल्या नकलांच्या आणि संपादनांच्या गोंधळातून तो जन्मला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या १९६३ च्या ध्वनिमुद्रणाने त्याला अजरामर केले, आणि तेही लॅटिनमध्ये नव्हे, इंग्रजीत गायलेल्या ध्वनिमुद्रणाने. तो सूर ऐकून अंगावर काटा येतो हे खरे आहे. पण ती ध्वनिमुद्रणाच्या शतकाची निर्मिती आहे, हे ठाऊक असलेले बरे.

आपल्याकडे हे संगीत कुठे प्रत्यक्ष ऐकता येईल? सोळाव्या शतकातच ते पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरले. जुन्या गोव्यातल्या से कॅथीड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, टॅलिस जिवंत असताना. गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य सरगम आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि त्या शिक्षणातून निघालेले गोवेकर पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पोहोचले. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांची वाद्ययोजना करणाऱ्या सेबॅस्टियन डिसूझांनी मुख्य चालीमागे दुसरी सुरावट चालवली, तेव्हा दोन सुरावटी एकदम ऐकायचा धडा मराठी कानालाही नकळत मिळून गेला होता. गोव्यात उपासकाळात गायले जाणारे मोतेत हे नंतरच्या काळातले, गोव्यातच रचलेले आणि वाद्यांच्या साथीचे. प्रबोधनकाळाचे नमुने म्हणून ते ऐकू नयेत. पण विधीच्या आत राहून गायले जाणारे गाणे म्हणून जरूर ऐकावेत. मुंबईत एनसीपीएचे टाटा थिएटर १९८० मध्ये भारतीय संगीत डोळ्यांसमोर ठेवून बांधले गेले. तिथे शब्द आणि सूर स्वच्छ पोहोचतात, घुमारा अगदी थोडा. सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार पालेस्त्रिना याला असे सभागृह थोडे उघडे पाडते. बर्डला ते मानवेल.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला कथा आवडतात त्याने बर्डपासून सुरुवात करावी, ज्याला नाद आवडतो त्याने व्हिक्टोरियापासून. पालेस्त्रिनाचे प्रकरण मी मुद्दाम शेवटी टाकले आहे. पोप मार्सेलसच्या नावाच्या मिस्साने त्याने चर्चचे संगीत बंदीपासून वाचवले, ही दंतकथा इतकी चिकट आहे की ती सोलून काढण्यातच पाने खर्ची पडतात. शिवाय त्याचे संगीत इतके निर्दोष आहे की नवख्या कानाला धरायला कुठे खाच सापडत नाही. प्रार्थनांचे अर्थ परिशिष्टात दिले आहेत. मिस्साच्या पाचही प्रार्थनांचे शब्द सगळ्या रचनाकारांकडे तेच असल्याने ते एकदाच वाचले की पुरते. आणि ज्याला यातले काहीच आधी वाचायचे नसेल, त्याने पेटी काढावी, रे सा रे सा रे म ग रे वाजवावे आणि ड्यूकचा मिस्सा लावावा.